किराया आणि डागडुजी : औरंगाबाद शहरातील निवासी मिळकतींचा एक ऐतिहासिक विचार

१. प्रास्ताविक

नगरांचा इतिहास लिहिताना आपण शिलालेख, फर्माने, दरवाजे आणि मकबरे यांकडे वळतो, ते योग्यच आहे. तथापि नगर हे मुख्यतः राहत्या घरांचे बनलेले असते, आणि घराचा इतिहास बांधणीच्या वर्षावर संपत नाही. तेथून तो सुरू होतो. घर बांधणाऱ्याचे नाव कधी कधी कोरून ठेवलेले असते, परंतु ते शंभर वर्षे उभे ठेवणाऱ्याचे नाव कोठेही नोंदलेले नसते. मराठवाड्यात घरभाड्यास 'किराया' हा शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी आहे. घर किरायाने देऊन त्यावर उपजीविका करणारा अथवा पैसा गुंतविणारा मनुष्य या शहरात प्रत्येक कालखंडात होता. त्याच्या व्यवहाराकडे केवळ नफ्यातोट्याच्या दृष्टीने पाहिल्यास मूळ प्रश्न हातून निसटतो. तो प्रश्न असा : किराया घेणारा हात आणि डागडुजी करणारा हात हे एकच आहेत की भिन्न? प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य इतकेच आहे की, ज्या ज्या काळी हे दोन हात एक होते त्या त्या काळी घरे टिकली, आणि ज्या काळी ते वेगळे झाले त्या काळी घर ही राहण्याची वस्तू न राहता केवळ जमिनीचा तुकडा होऊन बसली.

शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे. येथे पूर्वकाळाच्या विवेचनात त्या त्या काळी प्रचलित असलेले नाव वापरले आहे.

२. माळवदाचा धर्म

विषयाच्या मुळाशी घराची रचना असल्यामुळे प्रथम तिचा विचार केला पाहिजे. जुन्या शहरातील सामान्य घर म्हणजे काळ्या दगडाचे जोते, वर विटांच्या किंवा मातीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्यांचा अगर किलच्यांचा थर आणि सर्वांत वर मातीचे सपाट माळवद. श्रीमंतांच्या हवेल्यांत चुनेगच्ची काम असे, चौक असे, देवडी असे. परंतु माळवदाचे तत्त्व तेच.

हे छप्पर थंड आहे, स्वस्त आहे आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यास अनुरूप आहे. मात्र ते दर वर्षी माणसाचा हात मागते. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी पांढरी माती पसरून चोपावी लागते, उगवलेले गवत मुळासकट उपटावे लागते, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. एक वर्ष हे काम चुकले तर गळती होते. ती चालू राहिली तर पाणी तुळईच्या भिंतीतील टोकाशी पोचते, तेथे लाकूड कुजते, आणि टोक कुजलेली तुळई पुढे केव्हातरी खोलीसकट खाली येते. पहिल्या वर्षी जे काम चार टोपल्या मातीचे असते ते काही वर्षांनी सुतार, गवंडी आणि नवे सागवान यांचे होते. घराचे आयुष्य म्हणजे अशा लहान खर्चांची अखंड मालिका होय; ती तुटली की मोठा खर्च उभा राहतो, आणि तो करण्यापेक्षा घर पडू देणे मालकास परवडते. पुढील सर्व विवेचनास हाच व्यवहार आधारभूत आहे.

३. नहर, पुरे आणि पदाधिष्ठित घर

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. १६१६ मध्ये मोगल सैन्याने ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्याने बांधलेली नहर. डोंगरातील पाणी भूमिगत मार्गाने आणून ठिकठिकाणच्या बंब्यांतून आणि हौदांतून ते वस्तीस पुरविण्याची ही योजना होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर घराच्या किमतीचा मोठा भाग घरात नसून त्याच्या दाराशी येणाऱ्या पाण्यात होता. आणि त्या पाण्याची देखभाल एकट्या घरमालकाच्या आवाक्यातील नव्हती. सार्वजनिक डागडुजीवाचून खाजगी मिळकतीस मूल्य नाही, हा या शहराचा पहिला धडा होय.

औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीपासून, म्हणजे १६५३ पासून, शहराचा विस्तार झपाट्याने झाला. मोगल सरदारांनी आपापल्या वाड्यांभोवती पुरे वसविले. मिर्झा राजा जयसिंगाच्या नावाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राव कर्णाचा कर्णपुरा, त्याचा पुत्र पदमसिंग याचा पदमपुरा ही नावे आजही चालू आहेत. परंतु या वस्त्यांचा आर्थिक पाया लक्षात घेतला पाहिजे. मनसबदाराची जहागीर बदलत असे. त्याची नेमणूक आज दख्खनेत तर उद्या काबूलकडे. तो निवर्तला म्हणजे त्याच्याकडील सरकारी येण्याचा हिशेब करून मालमत्ता जप्त करण्याचा प्रघात मोगल अमलात होता. अशा स्थितीत घर हे कुळाचे नसून पदाचे असते. पद आहे तोवर वाड्यास नोकरचाकर आहेत, माळवदास माती आहे. पद गेले की वाडा निराधार.

१७६३ च्या सुमारास निजाम अलीने राजधानी हैदराबादेस नेली आणि हेच घडले. सरदार, कारकून, सावकार आणि कारागीर यांचा ओघ दक्षिणेकडे वळला. येथील वाडे शत्रूच्या तोफांनी पडले नाहीत. ज्यांच्या तिजोरीतून माळवदाची माती येत असे ते लोक दुसऱ्या गावी गेले, म्हणून ते पडले.

४. वक्फाचा दंडक

याच काळात एक निराळी रीत शहरात रुजलेली दिसते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की हे तिचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण. १७४४ साली उभारलेल्या या चक्कीवर येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांसाठी व शिष्यांसाठी पीठ दळले जाई. पाहुण्यांच्या दृष्टीने ते एक नवल आहे. मिळकतीच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती एक व्यवस्था आहे. वक्फाचे तत्त्व असे की, मूळ मालमत्ता विकावयाची नाही, आणि तिचे उत्पन्न ठरविलेल्या कार्यास लावावयाचे. त्या कार्यात मालमत्तेची स्वतःची देखभाल ही पहिली येते. कारण मूळच नाहीसे झाले तर दान कशाचे? हिंदू देवस्थानांच्या व मठांच्या मिळकतींचे तत्त्वही याहून फारसे भिन्न नाही. अशा मिळकतीत किराया आणि डागडुजी यांची गाठ दानपत्रातच मारलेली असते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. गाठ कागदावर असली म्हणून ती व्यवहारात टिकतेच असे नाही. सच्चर समितीने २००६ च्या आपल्या अहवालात देशभरातील वक्फ मिळकतींचे वार्षिक उत्पन्न त्यांच्या मूल्याच्या मानाने अत्यल्प असल्याचे दाखवून दिले. जुन्या दराने दिलेली जागा, अपुरा किराया, आणि किरायाअभावी खुंटलेली दुरुस्ती हे चक्र धर्मादाय मिळकतीसही चुकले नाही. तत्त्व उत्तम असूनही उत्पन्न गोठले की तत्त्व निष्प्रभ होते, ही गोष्ट पुढील कालखंडाच्या आकलनास उपयोगी पडेल.

५. १९५४ चा कायदा आणि गोठलेला किराया

भाडेनियंत्रणाची कल्पना या प्रदेशात जन्मली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथील भाडेकरूंच्या संपानंतर इंग्लंडने १९१५ मध्ये भाडेवाढीस प्रतिबंध केला. मुंबईत त्याच स्वरूपाचा कायदा १९१८ मध्ये आला. युद्धकाळात घरबांधणी थांबते, शहरात माणसे वाढतात, आणि घरमालक हवी ती किंमत मागू शकतो. या अडचणीतून सामान्य कुटुंबास वाचविणे हा त्याचा हेतू होता. तो न्याय्य होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर हैदराबाद राज्याने 'हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व भाडेपट्टा) नियंत्रण अधिनियम, १९५४' संमत केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. परंतु राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११९ व्या कलमान्वये पूर्वीचे कायदे त्या त्या प्रदेशापुरते चालू राहिले. परिणामी एकाच महाराष्ट्रात घरभाड्याचे तीन कायदे नांदू लागले : पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा, विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा आदेश, आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा. पुण्याचा घरमालक आणि औरंगाबादचा घरमालक हे एका राज्याचे नागरिक असूनही त्यांच्या हक्कांचे मोजमाप निरनिराळ्या मापांनी होत असे. ही स्थिती चार दशकांहून अधिक काळ टिकली.

याच काळात औरंगाबादेस किरायाच्या खोल्यांची मागणी वाढली. १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय, १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यास, नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकास व कारकुनास माफक भाड्याची खोली मिळणे ही चैन नव्हती. शिक्षणाची ती पहिली अट होती. नियंत्रित किरायाने या वर्गास दिलेला आधार इतिहासकाराने विसरता कामा नये.

तथापि त्या आधाराची किंमत घराने मोजली. किराया जागच्या जागी राहिला. चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली. डागडुजी हा किरायातून भागणारा खर्च राहिला नाही. मुंबई शहरात या पेचावर एक तोड काढण्यात आली : १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला व त्या निधीतून दुरुस्ती करणारे मंडळ स्थापण्यात आले. तिचे यशापयश काहीही असो, किराया आणि डागडुजी यांमधील तुटलेला दुवा सार्वजनिक निधीने जोडण्याचा तो प्रयत्न होता. औरंगाबादच्या माळवदांसाठी असे मंडळ नव्हते. येथे तो दुवा तुटलेलाच राहिला.

६. १९९९ चा अधिनियम : कागदावरची दुरुस्ती

सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये असे मत दिले की, मुंबई कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर तिन्ही कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून राज्यभर लागू झाला. यात भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा आहे, आणि घर सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व घरमालकावर आहे. त्याने ते टाळल्यास भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा अशी सोय आहे. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम वार्षिक भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

या तरतुदींचा अर्थ आकड्यांनी पाहू. उदाहरणादाखल २००० साली एका खोलीचा किराया दरमहा १०० रुपये होता असे धरावे. ४ टक्के वाढ सरळ धरली तर २५ वर्षांनी तो २०० रुपये होतो. चक्रवाढीने धरली तर सुमारे २६७ रुपये. दुसरा, अधिक उदार, आकडा घेतला तरी वार्षिक किराया सुमारे ३,२०० रुपये होतो, आणि भाडेकरूस दुरुस्तीपोटी वळती करता येणारी रक्कम वर्षाकाठी सुमारे ८०० रुपये. या रकमेत माळवदावरची माती कदाचित बदलेल. कुजलेली तुळई बदलणार नाही. दायित्व मालकावर आहे, हक्क भाडेकरूस आहे, आणि दोघांच्याही हाती साधन नाही. कायद्याने दुरुस्तीचे कर्तव्य सांगितले, परंतु तिचा खर्च कोठून यावा हे सांगितले नाही.

शासनाच्या करपद्धतीतही हाच विरोधाभास दिसतो. महानगरपालिका अधिनियमातील करविषयक नियमांप्रमाणे भाडेमूल्यावरून करपात्र मूल्य ठरविताना वार्षिक भाड्यातून १० टक्के रक्कम दुरुस्ती वगैरेंपोटी वजा होते. १९२२ च्या आयकर कायद्यात दुरुस्तीचा भार मालकाकडे असल्यास एकषष्ठांश वजावट होती; पुढे हे प्रमाण वाढून ३० टक्क्यांवर आले. ही वजावट प्रत्यक्ष खर्च केला की नाही हे न पाहता मिळते. म्हणजे दुरुस्ती होते असे गृहीत धरून सवलत दिली जाते. दुरुस्ती झाली का, असे कोणी विचारीत नाही. जो मालक प्रामाणिकपणे दर वर्षी घरावर खर्च करतो आणि जो एक टोपलीही माती टाकीत नाही, ते दोघेही या हिशेबात समान ठरतात.

७. पडझड हीच गुंतवणूक

किराया अल्प आणि जमिनीचे मोल वाढते, अशा स्थितीत गुंतवणूकदाराचा हिशेब उलटा होतो. घर सांभाळून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा घर नसलेली मोकळी जागा अधिक मोलाची ठरते. मग दुरुस्ती न करणे हाच व्यवहार बनतो. इमारत धोकादायक झाली की ती उतरविण्याची अथवा रिकामी करण्याची नोटीस महानगरपालिका देते. भाडेकरू जीवाच्या भीतीने निघून जातात. आणि जे न्यायालयात अनेक वर्षे साधले नसते ते पावसाने एका रात्री साधते.

कायद्याने हा मार्ग सर्वस्वी मोकळा ठेवलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९९ च्या अधिनियमात दुरुस्तीसाठी किंवा नव्या बांधणीसाठी जागा रिकामी करून घेता येते. परंतु न्यायालयाने हुकूम देताना भाडेकरूच्या पुनःप्रवेशाचा हक्क राखलेला आहे. शहा रतनसी खिमजी प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इमारत पाडली गेली एवढ्यामुळे भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय दिला. तत्त्व स्पष्ट आहे. तथापि घराबाहेर पडलेल्या, दुसऱ्या वस्तीत संसार हलविलेल्या कुटुंबास तो हक्क वसूल करण्यासाठी लागणारा पैसा आणि धीर किती असतो, याचा विचार निकालपत्रात येत नसतो.

८. नवे शहर, नवा किराया

जुन्या शहराबाहेर मात्र किरायाचा व्यवसाय फोफावला. १९७० च्या दशकात सिडकोने भाडेपट्ट्याच्या तत्त्वावर नवी वसाहत उभारण्यास आरंभ केला. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि १९८५ च्या सुमारास वाळूज येथे मोठी कारखानदारी सुरू झाली. जनगणनेप्रमाणे १९९१ साली सुमारे ५ लाख ७३ हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ साली ११ लाख ७५ हजार झाली. कारखान्यांजवळच्या गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर कामगारांसाठी खोल्यांच्या ओळी बांधल्या. पिकाऐवजी किराया हे अनेक घरांचे उत्पन्न झाले. दुसरीकडे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकण्याचा व्यवहार वाढला. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने त्या वर्षीच्या १ जानेवारीपूर्वीची अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली; २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली.

येथे पहिला धडा पुन्हा आठवावा. मलिक अंबराने आधी पाणी आणले, मग घरे आली. गुंठेवारीत आधी घरे आली, मग रस्ता, नळ आणि गटार यांची मागणी आली. तेथील घर सिमेंटचे असल्याने त्यास माळवदाची माती नको, हे खरे. परंतु सार्वजनिक सोयींची डागडुजी कोणी करावयाची हा प्रश्न तेथेही अनुत्तरित राहतो, आणि त्याचा भार किरायेदारावर टँकरच्या पाण्याच्या रूपाने पडतो.

नव्या व्यवहारात भाडेकरूपेक्षा परवानाधारक अधिक आढळतो. ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार ही सर्वसामान्य रीत झाली आहे. एका वर्षाहून कमी मुदतीस नोंदणी नको, अशी समजूत तिच्यामागे दिसते. वस्तुतः १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वये असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. या रीतीने मालकाची भीती गेली आणि किराया बाजारभावाने मिळू लागला. म्हणजे डागडुजीस साधन उपलब्ध झाले. परंतु ११ महिन्यांच्या रहिवाशास घराविषयी आस्था वाटावी कशी? जुन्या व्यवस्थेत राहणाऱ्यास स्थैर्य होते, पण घरास पैसा नव्हता. नव्या व्यवस्थेत घरास पैसा आहे, पण राहणाऱ्यास स्थैर्य नाही.

९. उपसंहार

या विवेचनावरून नियंत्रण वाईट व बाजार चांगला, अथवा याच्या उलट, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. मनसबदाराच्या वाड्यावर कोणतेही भाडेनियंत्रण नव्हते, तरी तो पडला. वक्फाची मिळकत विकता येत नव्हती, तरी उत्पन्न गोठताच तीही जीर्ण झाली. या सर्वांतून एकच सूत्र निघते. घरातून निघणाऱ्या उत्पन्नाचा एक निश्चित वाटा त्याच घरात परत जाईल अशी बांधणी जेथे आहे तेथे घर टिकते, मग मालक सरदार असो, फकीर असो वा गुंतवणूकदार असो. करातील वजावट प्रत्यक्ष दुरुस्तीच्या पुराव्याशी जोडणे, किंवा जुन्या शहरासाठी दुरुस्तीचा स्वतंत्र निधी उभारणे, हे उपाय याच सूत्रातून सुचतात.

अभ्यासकांपुढे आणखी एक कर्तव्य आहे. जुन्या घरांबरोबर त्यांची कागदपत्रेही नष्ट होत आहेत. उर्दूतील किरायानामे व बैनामे, मराठीतील भाडेपावत्या, सुतार-गवंड्यांचे हिशेब, नगरपालिकेच्या आकारणीचे उतारे हे सारे घरोघरी पेट्यांतून पडून आहे. तुळई खाली येते त्या दिवशी ते मातीत मिसळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक मोहल्ला निवडून या कागदांची सूची केली, आणि एकेका घराचा किराया व डागडुजी यांचा शंभर वर्षांचा ताळेबंद मांडला, तर या शहराचा इतिहास दरवाज्यांच्या आत शिरेल. ते काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे हे उत्तम.